वीस पावलांवरून

बाबांनी शिट्टी वाजवली आणि म्हणाले, "केतकी, खुंटा सरळ नको ठोकूस. तिरका. दोरी ओढते त्याच्या उलट बाजूला."

मी खुंटा तिरका धरला, दगड उचलला आणि तेवढ्यात मला शिंक आली. नाक चिमटीत धरून, तोंड कोपरात खुपसून मी ती दाबली. उचकीसारखा एक विचित्र आवाज झाला.

"काय झालं?"

"धूळ गेली नाकात."

बाबांनी मान हलवली आणि ते दुसऱ्या दोरीकडे वळले. ते फलटणच्या एका हायस्कुलात पी.टी.चे सर होते. दरवर्षी चाळीस मुलांना घेऊन स्काउटच्या शिबिराला जायचे. खाकी कापडाचे हे दोन तंबू, एक मोठा आणि एक लहान, त्यांनी शाळेतूनच मागून आणले होते. आम्ही दोघं फलटणहून लोणंद, शिरवळ करत भोरला आलो होतो आणि तिथून टमटमने भाटघर धरणाच्या फुगवट्याकाठी. बाबांचे जुने मित्र खोपडेकाका यांचं शेत अगदी पाण्यापर्यंत उतरत गेलेलं होतं. वरच्या अंगाला हरभरा आणि खाली, पाणी मागे हटलं की उघडी पडणारी सपाट जमीन. तिथे आमचे तंबू.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. माझी धाकटी बहीण शलाका, आमची शलू, साडेआठ वर्षांची. आदल्या जूनमध्ये तिला रक्ताचा कॅन्सर असल्याचं निघालं आणि तेव्हापासून तिच्यावर पुण्यात उपचार चालू होते. आई तिच्याबरोबर हॉस्पिटलजवळच्या एका खोलीत राहत होती. बाबा शाळा सांभाळून पुण्याला ये-जा करायचे. मला सांगोल्याला आत्याकडे ठेवलं होतं. आठ महिन्यांत शलूला मी एकदाच पाहिलं होतं, गणपतीच्या सुट्टीत, तेही काचेच्या पलीकडून.

जानेवारीत तिच्या औषधांचा सगळ्यात जड टप्पा संपला. पुढचा सुरू होण्याआधी दोन आठवड्यांची मोकळीक होती. डॉक्टर निगुडकर मॅडमनी तिला विचारलं म्हणे, "सुट्टी मिळाली तर कुठे जाशील?" सगळ्यांना वाटलं, ही घरी म्हणेल, नाहीतर समुद्र म्हणेल. शलू म्हणाली, "तंबूत. बाबा दुसऱ्यांच्या मुलांना नेतात, मला कधी नेलं नाही."

मॅडमनी परवानगी दिली, पण अटी घालून. त्या अटी बाबांनी कागदावर लिहून घेतल्या होत्या आणि बसमध्ये त्यांनी मला वाचून दाखवल्या. हॉस्पिटलपासून दोन तासांच्या आत. पाणी उकळलेलं. कच्चं काही खायचं नाही. गर्दी नाही. दिवसातून तीनदा ताप मोजायचा आणि शंभरच्या वर गेला तर असेल त्या कपड्यात निघायचं. शेवटची अट होती, सर्दी-खोकला असलेलं कोणी जवळ नको.

मला अट माहीत होती, हे आधीच सांगून टाकते. घसा आदल्या दिवशी सांगोला सोडून फलटणला येतानाच खवखवत होता. बाबा तो कागद वाचत होते आणि मी खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर बघत बसले होते. बोलले असते तर त्यांनी मला लोणंदहूनच परत पाठवलं असतं.

साडेअकराच्या सुमारास जीप आली. पुढचं दार उघडून आई उतरली. ती इतकी वाळली होती की आधी मला ती आमची हडकुळी आत्याच वाटली. मागून शलू उतरली. गुलाबी लोकरी टोपी, औषधांनी फुगलेले गाल आणि खाली काटकीसारखे पाय. उतरल्या उतरल्या तिने दोन्ही तंबू नीट न्याहाळले.

"मोठा तंबू वाकडा आहे," ती म्हणाली.

"जमीन वाकडी आहे," बाबा म्हणाले.

"मग लहान सरळ कसा?"

बाबांनी एक खुंटा हलवून बघितला. मग तिला मी दिसले. "ताई," म्हणत ती धावत सुटली. धावणं कसलं, ते दोन बाजूंना डुलत येणं होतं, पण तिच्या मानाने ती धावतच होती. हात पसरलेले. मी दोन पावलं मागे सरले आणि ओरडले, "जवळ येऊ नकोस."

ती थबकली. आई जीपमधून पिशव्या काढत होती, तिचे हात तसेच राहिले. शलूचा हात हळूच टोपीवर गेला.

"टक्कल आहे म्हणून?" तिने विचारलं. "येतात परत. सगळ्यांचे येतात."

"नाही गं. मला सर्दी झालीय."

"कधीपासून?" बाबांनी विचारलं.

"कालपासून."

"कालपासून," बाबा म्हणाले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त तो शब्द परत उच्चारला आणि हातातला दगड खाली ठेवला.

आई पिशव्या खाली ठेवून पुढे झाली. तिच्या हालचालींत आता वेगळीच सराईतता आली होती. तिने आधी शलूला मास्क लावला, तिला जीपपाशी नेऊन उभं केलं, आपले हात धुतले, मग स्वतः मास्क लावून माझ्याकडे आली. माझ्या तोंडात थर्मामीटर ठेवला. ती इतक्या जवळ आठ महिन्यांनी आली होती आणि माझं सगळं लक्ष त्या काचेच्या नळीकडे होतं.

"अठ्ठ्याण्णव," ती म्हणाली. "मॅडमना विचारते."

खाली काठावर मोबाइलला रेंज नव्हती. आई हरभऱ्याच्या बांधाने वर चढत गेली, पार टेकाडावरच्या बाभळीपर्यंत. आम्ही तिघं खालून बघत उभे होतो. ती फोन कानाला लावून फेऱ्या मारत होती. जीपच्या ड्रायव्हरने बाबांकडे बघितलं.

"थांबू का सर? परत जायचं असेल तर..."

"थांबा जरा," बाबा म्हणाले.

"काका, तुम्ही जा," शलू मास्कमधून म्हणाली. "आम्ही इथे राहणार आहोत."

"शलू, आईला येऊ दे," बाबा म्हणाले.

ती जीपच्या पायरीवर बसली आणि तिने माझ्याकडे पाठ केली. माझ्या मनात एवढंच होतं की तिला आठ महिन्यांत मिळालेली ही एक गोष्ट मी घालवली. नाक गळत होतं आणि ते पुसायचीही मला लाज वाटत होती.

आई उतरून आली ती धापा टाकत. "मॅडम म्हणाल्या, शलूच्या रक्तातल्या पेशींचे काउंट सध्या चांगले आहेत. उघड्यावर आहोत, कोंडलेली हवा नाही. राहा म्हणाल्या. पण दोघी एकमेकींच्या जवळ येणार नाहीत. ताट, पेला, टॉवेल सगळं वेगळं. केतकीजवळ जाऊन आलं की साबणाने हात धुवायचे. आणि शलूला कणकण वाटली तर..."

"तर असेल त्या कपड्यात," शलू म्हणाली.

"हो." मग आई माझ्याकडे वळली. "मॅडमनी विचारलं, सर्दीचं कळलं कसं. म्हटलं, तिनेच सांगितलं. त्या म्हणाल्या, पोरीला म्हणावं, सांगितलंस ते बरं केलंस."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. एक दिवस उशिरा सांगितलं होतं, ते आम्हा दोघांना माहीत होतं.

जीप गेली. बाबांनी लहान तंबू उपटला आणि मोठ्या तंबूपासून वीस पावलं मोजली, शाळेच्या मैदानावर मोजतात तशी, मोठ्याने. आईने वारा कुठून येतो ते बघायला लावलं. बाबांनी मूठभर माती वर उडवून बघितली आणि सगळे खुंटे पुन्हा उपटून माझा तंबू वाऱ्याच्या खालच्या अंगाला नेला. तिथे मी आणि बाबा. मोठ्यात आई आणि शलू. मधोमध बाबांनी सकाळी चहा केलेल्या चुलीतल्या राखेची एक रेघ ओढली, कबड्डीला ओढतात तशी.

"ही ओलांडायची नाही," ते म्हणाले. "दोघींनीही."

शलूने रेघ पाहिली आणि तिचा राग एकदम उतरला. असं काही तिला फार आवडायचं. "ताई, तुझ्या देशाचं नाव काय?" तिने विचारलं.

"सर्दीस्तान."

ती हसली. टोपी पुढे सरकली, ती तिने मागे केली. "माझा तंबूगड. मी राणी आहे. तू नुसती तिथली राहणारी."

तो दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ फार मजेत गेली. शलूला बसल्या जागेवरून हुकूम सोडायची सवय लागली होती. बाबांना ती पाणी उकळायला लावी, काटक्या गोळा करायला लावी, मग काटक्या ओल्या आहेत म्हणून परत पाठवी. बाबांनी केलेली खिचडी खालून लागली. शलूने एक घास घेतला, विचार केला आणि सांगितलं, "हॉस्पिटलपेक्षा बरी." बाबांनी ते बक्षीस मिळाल्यासारखं ऐकून घेतलं. आईने उरलेली खिचडी करपलेल्या पापुद्र्यासकट खाल्ली आणि हात धुवून तंबूच्या दाराशी उन्हात आडवी झाली ती दोन तास. आई दुपारी झोपलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

आम्ही दोघी रेघेच्या दोन बाजूंना, आपापल्या चादरीवर. नाव-गाव-फळ-फूल खेळायचो. वीस पावलांवरून खेळायचं म्हणजे प्रत्येक उत्तर ओरडून सांगायला लागायचं. "म वरून फळ?" "मोसंबी." "माझं पण मोसंबी. पाच-पाच." पाण्यात पडलेल्या एका वाळक्या खोडावर खंड्या येऊन बसायचा, झप्पकन बुडी मारायचा आणि मासा घेऊन उठायचा. शलू त्याचे मासे मोजायची. अठरापर्यंत मोजून ती कंटाळली. खोपडेकाका हरभऱ्याचे टहाळे घेऊन आले, लांबूनच ठेवून गेले. बाबांनी ते जाळावर भाजले आणि आईने गरम गरम दाणे सोलून शलूला दिले. माझा वाटा बाबांनी वेगळ्या ताटलीत आणला. हात काळे, तोंडं काळी. दर चार-सहा तासांनी थर्मामीटर. अठ्ठ्याण्णव. साडेअठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आई आणि बाबा भांडी घेऊन पाण्यावर गेले. आमच्यापासून फार लांब नाही, दिसत होते. आई घासत होती, बाबा विसळत होते. शलू पालथी पडून पाय हलवत होती.

"ताई," ती ओरडली. "तू फोनवर का येत नव्हतीस?"

मी गवताची काडी मोडत बसले.

"आई रविवारी आत्याला फोन लावायची. मी म्हणायचे, ताईला द्या. आत्या म्हणायची, ती अभ्यास करतेय. दर रविवारी अभ्यास?"

"परीक्षा होती."

"दर रविवारी?"

मी काहीतरी पुटपुटले.

"ऐकू येत नाही."

"काही नाही म्हटलं."

"मग बोलली का नाहीस? मी काय केलं?"

तिने काय केलं. मला ते सहन झालं नाही. आठ महिने मी जे मनात धरून बसले होते ते हळू आवाजात सांगायचं असतं, अंधारात, कानात. पण कान वीस पावलांवर होता. मी उभी राहिले आणि ओरडून सांगितलं, "तू नाही. मी केलं. मी तुला मारलं होतं."

"काय?"

"मे महिन्यात. माझ्या चित्रकलेच्या वहीवर तू रंग सांडलास तेव्हा. मी पट्टीने मारलं. तुझ्या मांडीवर. तिथे काळंनिळं झालं. ते गेलंच नाही. मग आईने आंघोळ घालताना विचारलं तर तू म्हणालीस, पडले. माझं नाव नाही सांगितलंस. मग ताप आला. मग डॉक्टरांनी ते डाग बघितले आणि विचारलं, हे कशाचे. कोणी बोललं नाही. मी पण नाही. मग तुला पुण्याला नेलं आणि मला सांगोल्याला पाठवलं. माझ्यामुळे झालं ते."

पाण्यावर भांड्यांचा आवाज थांबला होता. ते माझ्या लक्षात आलं, पण उशिरा.

शलू उठून बसली. तिने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. ती विचार करत होती. रडू माझं मला आवरत नव्हतं, आणि सर्दीमुळे तर फारच वाईट अवस्था झाली होती.

"पाठीवर मारलं होतंस?" तिने विचारलं.

"नाही. मांडीवर."

"पोटावर?"

"नाही."

"दंडावर?"

"नाही गं."

"मग तिथे कुठून आले? माझ्या पाठीवर पण होते. पोटावर होते, दंडावर होते. तू सगळीकडे मारलंस का?"

"नाही."

"मग झालं तर." तिचा आवाज मोठ्या वर्गातल्या मुलीने लहानाला गणित समजावावं तसा होता. "निगुडकर मॅडमनी मला चित्र काढून दाखवलंय. हाडाच्या आत रक्त तयार होतं. तिथे पेशी बिघडतात. त्या का बिघडतात ते त्यांना पण माहीत नाही, त्या इतक्या शिकल्यात तरी. पेशी बिघडल्या की मग डाग येतात. नुसतं टेकलं तरी येतात. आधी आजार, मग डाग. तू उलटं धरलंस."

आठ महिन्यांत मोठ्या माणसांपैकी कोणीही मला हे असं समोर बसवून सांगितलं नव्हतं. 'शलूला बरं नाही', 'देवाला नमस्कार कर', 'तू शहाणी ना, मग आत्याला त्रास देऊ नकोस' एवढंच ऐकलं होतं.

आई पाण्यावरून येत होती. हातात राखेने माखलेला काथ्या तसाच होता. तो तिने टाकला, साडीला हात पुसले, मग थांबली, परत फिरली, साबणाने हात धुतले आणि मास्क वर ओढला. एवढं सगळं केलं आणि मगच आली. ती रेघ ओलांडून सरळ माझ्याकडे आली आणि माझ्या चादरीवर बसली.

"आठ महिने?" ती म्हणाली. "आठ महिने हे घेऊन बसली होतीस?"

मी मान हलवली.

"बाबा पहाटेच्या गाडीने पुण्याला ये-जा करायचे. घरात तू एकटी कशी राहणार, म्हणून आत्याकडे ठेवलं. दुसरं काही नव्हतं."

"मला कोणी सांगितलं नाही."

"नाही सांगितलं," आई म्हणाली. "मला वाटलं, तू मोठी आहेस, तुला कळतंय."

तिने मला जवळ घेतलं. तिच्या साडीला डेटॉलचा आणि चुलीच्या धुराचा वास होता. बाबा रेघेपाशी येऊन उभे राहिले, हातात ओलं पातेलं. ते कोणाकडेच बघत नव्हते. पातेलं तेवढं एकसारखं झटकत होते, त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं तरी.

"पण ताई," शलू पलीकडून ओरडली. "मारलं ते तर मारलंसच. पट्टीने लागतं."

"हो."

"मग सॉरी म्हण."

"सॉरी."

"ऐकू आलं नाही."

मी उभी राहिले, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओरडले. पलीकडच्या डोंगरावरून आवाज परत आला. खोडावरचा खंड्या उडाला. वर हरभऱ्यात वाकलेले खोपडेकाका ताठ झाले आणि त्यांनी हाक दिली, "काय झालं हो सर?"

बाबांच्या आधी शलूनेच उत्तर दिलं. "काही नाही काका. आमचं मिटलं."

सोमवारी सकाळी आम्ही तंबू उतरवले. शलूला ताप आला नाही, सर्दीही झाली नाही. जीपची वाट बघत असताना आई बाबांना म्हणाली, "परीक्षा झाली की केतकीला पुण्याला आणू या."

"खोली केवढीशी आहे," बाबा म्हणाले.

"मावू."

बाबांनी तंबूची घडी दोरीने आवळली. मग म्हणाले, "एप्रिलच्या पंधराला संपते परीक्षा. मी सोळाला घेऊन येतो."

ते सोळालाच घेऊन आले. पुढे दोन वर्षं शलूच्या गोळ्या चालू राहिल्या. मधे दोनदा तिला ताप आला आणि दोन्ही वेळा आम्ही असेल त्या कपड्यात धावलो. कुठली गोळी कधी द्यायची, काउंट म्हणजे काय, मॅडम काय म्हणाल्या, हे सगळं त्यानंतर मलाही सांगितलं जायचं. कधी कधी ते ऐकायला नको वाटायचं, पण सांगितलं जायचं. गोळ्या बंद झाल्या त्या दिवशी शलूने मॅडमना विचारलं, "आता मी कच्ची काकडी खाऊ?" आणि हॉस्पिटलच्या दारातच उभं राहून तिने दोन काकड्या संपवल्या.

आता ती कोल्हापूरला भूमी अभिलेख कार्यालयात आहे. लोकांच्या जमिनी मोजते. उन्हातान्हात हिंडते, केस कमरेपर्यंत वाढवलेत आणि बांधावरून भांडणाऱ्या भावाभावांना दम देते.

गेल्या महिन्यात ती माझ्याकडे आली होती तेव्हा भाटघरचा विषय निघाला. तिला करपलेली खिचडी आठवत होती. खंड्याचे अठरा मासे आठवत होते. बाबांनी मोठा तंबू वाकडा लावला होता, हे तर तिने हटकून सांगितलं.

"आणि आपण बोललो ते?" मी विचारलं.

"कधी?"

"दुसऱ्या दिवशी दुपारी. तू पलीकडे होतीस. मी तुला मारल्याचं सांगितलं ते."

तिने आठवून बघितलं. "नाही आठवत. मी काय म्हटलं होतं?"

मी तिला सगळं सांगितलं, पाठीचं, पोटाचं, दंडाचं. ती चहा पीत ऐकत होती.

"बरोबरच म्हटलं होतं की," ती म्हणाली आणि तिने कप पुढे केला. "अजून आहे का थोडा?"

मी उठले आणि तिच्यासाठी पुन्हा चहा ठेवला.